पाच जीबीची मर्यादा एक जीबीवर कशी आली: सी भाषेतील पूर्णांकांच्या आकाराचे एक प्रकरण

मोजमापांच्या नोंदी सतत फाइलींमध्ये साठवत राहणारा एक सर्व्हिस प्रोग्रॅम हा या प्रकरणाचा विषय आहे. प्रोग्रॅम सी भाषेत लिहिलेला होता, ६४ बिटी लिनक्सवर जीसीसी या कंपायलरने (कोडचे यंत्राला कळणाऱ्या रूपात भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) कंपाइल केलेला होता, आणि नोंदींच्या फोल्डरचा एकूण आकार ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की सर्वांत जुनी फाइल पुसून टाकणे हे त्याचे एक काम होते. ही मर्यादा ५ जीबी ठेवलेली होती; येथे एक जीबी म्हणजे १०२४ चा घन इतक्या बाइट धरल्या आहेत. तक्रार अशी आली की जुन्या नोंदी अपेक्षेपेक्षा फार लवकर नाहीशा होतात आणि फोल्डरचा आकार १ जीबीच्या आसपास घुटमळत राहतो, त्यापुढे जातच नाही.

संबंधित कोड जेमतेम तीन ओळींचा होता. तरीही प्रकरण सविस्तर मांडण्याजोगे आहे, कारण त्यात दोन स्वतंत्र दोष एकमेकांना पाठीशी घालत होते, आणि पहिला दोष दूर केल्यावर दुसऱ्याने तो दूर झालेलाच नाही असे भासवले.

पहिली ओळ हेडर फाइलमधील मॅक्रोची, म्हणजे कंपाइल होण्यापूर्वी कोडमध्ये जसाच्या तसा घातल्या जाणाऱ्या मजकुराला दिलेल्या नावाची, होती. त्यात मर्यादा (५ * १०२४ * १०२४ * १०२४) अशी गुणाकाराच्या रूपात लिहिली होती, जेणेकरून वाचणाऱ्याला ‘पाच जीबी’ हे लगेच कळावे. दुसऱ्या ओळीत इंट६४_टी या ६४ बिटी पूर्णांक प्रकारचे एक व्हेरिएबल होते आणि त्याला हा मॅक्रो प्रारंभिक मूल्य म्हणून दिला होता. तिसऱ्या ओळीत प्रोग्रॅमचे स्वतःचे लॉग फंक्शन ‘मर्यादा %डी, वापर %डी टक्के, फोल्डर %एस’ अशा फॉरमॅट स्ट्रिंगने एक नोंद छापत असे; त्यातील %डीच्या जागी इंट (साधा पूर्णांक) आणि %एसच्या जागी मजकूर छापला जातो. पहिल्या तपासणीत या तिन्ही ओळींवर कोणाचा आक्षेप नव्हता. व्हेरिएबल ६४ बिटांचे आहे, म्हणजे त्यात ५ जीबी सहज मावतात. आणि लॉगमध्ये मर्यादेपुढे दहा अंकी आकडा दिसतो आहे, म्हणजे मूल्यही पोहोचले आहे, असा निष्कर्ष काढला गेला. आकडा होता १०७३७४१८२४. अपेक्षित आकडा होता ५३६८७०९१२०. दोन्ही दहा अंकी असल्यामुळे नजर त्यावरून घसरत गेली.

गुणाकाराचा प्रकार कोण ठरवतो

सी भाषेत पदावलीचा प्रकार तिच्यातील घटकांवरून ठरतो. तिचे उत्तर कुठे साठवले जाणार आहे याचा त्या निर्णयाशी काहीही संबंध नसतो. येथील ५ आणि १०२४ हे चारही स्थिरांक इंट प्रकारचे आहेत, म्हणून त्यांचा गुणाकारही इंट प्रकारचाच होतो, आणि आजच्या बहुतेक संगणकांवर इंट ३२ बिटांचा असतो. त्याची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ आहे. तिसऱ्या गुणाकाराला उत्तर त्यापलीकडे जाते, आणि साइन्ड (ऋण मूल्येही घेऊ शकणाऱ्या) पूर्णांकाचा असा ओव्हरफ्लो, म्हणजे मर्यादेपलीकडे जाणे, झाला की पुढे काय व्हावे हे सी भाषेचे मानक सांगतच नाही. प्रत्यक्षात जीसीसीने खालचे ३२ बिट ठेवले आणि वरचे टाकून दिले. ५३६८७०९१२० मधून ४२९४९६७२९६, म्हणजे २ चा ३२ वा घात, वजा केला की १०७३७४१८२४ उरतात, आणि हे बरोबर १ जीबी आहेत. हे उत्तर नंतर ६४ बिटी व्हेरिएबलमध्ये मोठ्या इतमामाने ठेवले गेले, पण तोवर जे हरवायचे ते हरवून झाले होते.

मर्यादा ५ जीबी होती हा येथे खरा दुर्दैवाचा भाग म्हणावा लागेल. ती २ जीबी असती, तर त्याच गणिताने उत्तर उणे २१४७४८३६४८ आले असते, प्रत्येक फाइल मर्यादेबाहेरची ठरली असती आणि सगळ्या नोंदी पहिल्या फेरीतच पुसल्या जाऊन दोष तत्काळ उघडा पडला असता. ३ जीबी असती, तरी उत्तर ऋणच येते. ४ जीबी असती, तर उत्तर शून्य आले असते आणि वापराची टक्केवारी काढताना शून्याने भागाकार होऊन प्रोग्रॅम कोसळला असता. ५ जीबीने मात्र धन, गोल आणि पटण्याजोगा आकडा दिला. मर्यादा पाळणारा प्रोग्रॅम मर्यादा पाळतच होता; फक्त ती मर्यादा वेगळी होती.

यात एक गोष्ट अनेकांना चकित करते. मॅक्रोमध्ये गुणाकार न लिहिता थेट ५३६८७०९१२० हा आकडा लिहिला असता, तर कोणताही प्रत्यय (स्थिरांकाचा प्रकार सांगणारी एल, एलएल यांसारखी अक्षरे) न लावताही मूल्य बरोबर आले असते. १९९९ च्या मानकानुसार प्रत्यय नसलेला दशमान स्थिरांक इंट, लाँग आणि लाँग लाँग या क्रमाने ज्या पहिल्या प्रकारात मावेल, तो प्रकार घेतो. आकडा स्वतः मोठा असेल तर तो स्वतःची सोय पाहतो. पण चार लहान आकड्यांच्या गुणाकाराला तशी सवलत नाही, कारण प्रत्येक आकडा एकटा इंटमध्ये व्यवस्थित मावतो. वाचनीयतेसाठी गुणाकार लिहिण्याची पद्धत चांगलीच आहे, पण येथे तिनेच घात केला.

त्यापूर्वीच्या मानकात, म्हणजे १९८९-९० च्या सी भाषेत, हा क्रम इंट, लाँग आणि अनसाइन्ड लाँग (ज्यात ऋण मूल्ये नसतात) असा होता आणि लाँग लाँग हा प्रकार अस्तित्वातच नव्हता. त्यामुळे ३२ बिटी लाँग असलेल्या यंत्रावर २१४७४८३६४८ हा स्थिरांक जुन्या नियमाने अनसाइन्ड लाँग ठरे, तर नव्या नियमाने लाँग लाँग ठरतो. ऋण स्थिरांक सी भाषेत नाहीतच. उणे चिन्ह ही स्थिरांकावर नंतर केलेली क्रिया आहे. म्हणून जुन्या नियमाखाली -२१४७४८३६४८ ही पदावली ऋण न राहता अनसाइन्ड राहते आणि ‘शून्यापेक्षा लहान आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देते. लिमिट्स.एच या हेडरमध्ये इंटची किमान मर्यादा सहसा (-२१४७४८३६४७ - १) अशी वळसा घेऊन लिहिलेली आढळते, त्याचे कारण हेच. सोळा-आधारी स्थिरांकांचा क्रम आणखी वेगळा आहे: त्यांना प्रत्येक पायरीवर साइन्डनंतर अनसाइन्डही आजमावून पाहता येतो. परिणामी २१४७४८३६४८ हेच मूल्य सोळा-आधारी पद्धतीने, म्हणजे आठावर सात शून्ये असे लिहिले, तर ते अनसाइन्ड इंट होते आणि ‘उणे १ यापेक्षा लहान आहे का’ ही तुलना उलटी उत्तरे देऊ लागते. मूल्य तेच राहिले, तरी लिहिण्याची पद्धत बदलली की प्रकार बदलतो.

पहारा होता, पण चुकीच्या दारावर

मूळ लेखकाने अगदीच बेफिकिरी केली होती असे नाही. मॅक्रोखाली त्याने #इफ वापरून एक तपासणी ठेवली होती: मर्यादा ४०००००००००पेक्षा कमी असेल, तर #एररने कंपाइल करणे थांबवावे. ही तपासणी दरवेळी बिनबोभाट पार पडत होती. कारण असे की #इफमधील गणित प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपायलरआधी मजकुरावर काम करणारा टप्पा, करतो, आणि १९९९ च्या मानकापासून तो सर्व पूर्णांक इंटमॅक्स_टी या सर्वांत मोठ्या प्रकाराचे असल्याप्रमाणे वागवतो. त्याच्या लेखी मर्यादा खरोखरच ५३६८७०९१२० होती. तोच मॅक्रो पुढे कंपायलरच्या हाती पडला की १०७३७४१८२४ होत होता. एकाच फाइलमधील एकाच मॅक्रोला एका टप्प्यावर एक आणि दुसऱ्या टप्प्यावर दुसरे मूल्य मिळणे हे या प्रकरणातील सर्वांत बोधक निरीक्षण आहे, असे माझे मत आहे. हीच तपासणी २०११ च्या मानकात आलेल्या स्टॅटिक असर्टने (कंपायलरने स्वतः तपासायच्या अटीने) केली असती, तर गणित खऱ्या प्रकारांनुसार झाले असते आणि ओव्हरफ्लो झालेली स्थिर पदावली कंपायलरला बिनतक्रार स्वीकारता आली नसती.

जीसीसी या ओव्हरफ्लोबद्दल कोणताही खास पर्याय न देताही इशारा देतो. इंट प्रकारच्या पदावलीत ओव्हरफ्लो होऊन १०७३७४१८२४ हे उत्तर येत आहे, असे तो आकड्यासकट सांगतो. पण या प्रोग्रॅमच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये सर्व इशारे दाबून टाकणारा पर्याय कधीकाळी घातला गेला होता. जुन्या कोडमधून इशाऱ्यांचा महापूर येत असताना ती सोय वाटली असेल.

दुरुस्ती झाली, पण आकडा हलेना

पहिला प्रयत्न असा झाला की संपूर्ण कंसाला इंट६४_टीचे कास्ट, म्हणजे प्रकार बदलण्याची सूचना, लावले गेले. त्याने काहीच बदलले नाही, आणि बदलणारही नव्हते, कारण कास्ट लागू होईपर्यंत आतला गुणाकार ३२ बिटांत होऊन गेलेला असतो. याच गटात मोडणारी दुसरी कल्पना म्हणजे शेवटी * १एलएल जोडणे. तिचाही उपयोग नाही, कारण गुणाकार डावीकडून उजवीकडे होतो. गंमत म्हणजे शेवटच्या १०२४ लाच एलएल हा प्रत्यय लावला असता, तर उत्तर बरोबर आले असते, कारण आधीचे ५ * १०२४ * १०२४ म्हणजे ५२४२८८० इंटमध्ये मावतात आणि ओव्हरफ्लो होण्याजोगा गुणाकार नेमका ६४ बिटांत होतो. पण असे नशिबावर हवाला ठेवून लिहू नये. प्रत्यय पहिल्याच घटकाला लावावा, म्हणजे पुढील प्रत्येक गुणाकार मोठ्या प्रकारात होईल.

तसे करताना ५एल पुरेल का, असाही प्रश्न निघाला. ६४ बिटी लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा असल्यामुळे तेथे ते पुरते. ३२ बिटी बिल्डमध्ये आणि ६४ बिटी विंडोजवरही लाँग ३२ बिटांचाच असतो, त्यामुळे तेथे दोष जसाच्या तसा परत येतो. लाँग लाँग मात्र किमान ६४ बिटांचा असण्याची हमी मानकाने दिलेली आहे. म्हणून मॅक्रो ५एलएल * १०२४ * १०२४ * १०२४ असा बदलला गेला, आणि एलएल मोठ्या अक्षरांत लिहिले गेले, कारण लहान लिपीतले एल हे अक्षर एक या अंकासारखे दिसते.

प्रोग्रॅम नव्याने सुरू झाला आणि लॉगमध्ये पुन्हा तोच आकडा आला: मर्यादा १०७३७४१८२४. त्यावरून दुरुस्ती लागू झाली नाही असा समज झाला. जुनी ऑब्जेक्ट फाइल (आधी कंपाइल झालेला भाग) राहिली असेल, चुकीचे हेडर घेतले जात असेल, अशा शंका घेऊन बिल्ड व्यवस्था धुंडाळण्यात बराच वेळ गेला. वाट सापडली ती लॉगच्याच ओळीतील विसंगतीवरून. काही काळाने त्याच ओळीत वापर ३० टक्के दिसत होता, आणि फोल्डरचा आकार वेगळ्या आदेशाने मोजला असता तो १६१०६१२७३६ बाइट, म्हणजे दीड जीबी भरला. दीड जीबी हे एक जीबीचे ३० टक्के असू शकत नाहीत. पाच जीबीचे मात्र बरोबर ३० टक्के आहेत. म्हणजे टक्केवारी काढणाऱ्या कोडला खरी मर्यादा माहीत होती आणि छापणारा कोड खोटी सांगत होता.

प्रिंटएफ आणि तिच्या कुळातील फंक्शने पाठवलेल्या मूल्याचा प्रकार पाहू शकत नाहीत. त्यांच्या घोषणेत फॉरमॅट स्ट्रिंगनंतर तीन टिंबे असतात, आणि त्या टिंबांच्या जागी आलेल्या आर्ग्युमेंटांबद्दल (पाठवलेल्या मूल्यांबद्दल) फंक्शनला फॉरमॅट स्ट्रिंग जे सांगते तेवढेच कळते. कॅर आणि शॉर्ट ही मूल्ये अशा ठिकाणी आपोआप इंट होतात, फ्लोटचे डबल होते. म्हणून %डी कॅर आणि शॉर्ट यांच्यासाठी चालते आणि प्रोग्रॅमरला सगळे काही आपोआप जुळत असल्याचा भास होतो. इंटहून मोठ्या प्रकारांसाठी असे काही होत नाही. येथे मूल्य ६४ बिटांचे गेले, %डीने इंट मागितला, आणि ६४ बिटी लिनक्सवर पूर्णांक आर्ग्युमेंटे रजिस्टरांतून (प्रोसेसरमधील छोट्या साठवण-जागांतून) जात असल्यामुळे त्या रजिस्टराचे खालचे ३२ बिट तेवढे वाचले गेले. ते अर्थातच १०७३७४१८२४ होते: पहिल्या दोषाने जो आकडा निर्माण केला होता, तोच दुसऱ्या दोषाने छापला, कारण दोघेही एकच कात्री चालवत होते. उरलेली आर्ग्युमेंटे आपापल्या रजिस्टरांत असल्यामुळे टक्केवारी आणि फोल्डरचे नाव मात्र बिनचूक छापले जात होते.

कंपायलर फॉरमॅट स्ट्रिंग आणि आर्ग्युमेंटे यांची जुळणी तपासतो, पण ती थेट प्रिंटएफला दिलेली असताना. येथे मध्ये प्रोग्रॅमचे स्वतःचे लॉग फंक्शन होते आणि ते प्रिंटएफसारखे वागते हे कंपायलरला कोणी सांगितले नव्हते. इशारे सुरू असते, तरी हा दोष निसटलाच असता.

त्याच ओळीचे ३२ बिटांवरचे रूप

हाच प्रोग्रॅम ३२ बिटी इंटेल यंत्रासाठी पहिल्यांदाच बिल्ड केला गेला, तेव्हा लॉगची ती ओळ छापतानाच तो कोसळला. तेथे आर्ग्युमेंटे स्टॅकवर (मेमरीच्या एका भागात) चार-चार बाइटांच्या खणांत ठेवली जातात आणि ६४ बिटी मर्यादा दोन खण व्यापते. पहिल्या %डीने खालचा अर्धा भाग घेतला, म्हणजे पुन्हा १०७३७४१८२४. दुसऱ्या %डीने टक्केवारीऐवजी मर्यादेचा वरचा अर्धा भाग घेतला, जो १ आहे. मग %एसच्या वाट्याला टक्केवारी आली, आणि ३० हा मेमरीतील पत्ता समजून तेथील मजकूर वाचण्याचा प्रयत्न झाला. ३२ बिटी एआरएम प्रोसेसरवर कारण तेच, पण रूप निराळे दिसते: तेथे ६४ बिटी आर्ग्युमेंट सम क्रमांकाच्या रजिस्टरापासून सुरू व्हावे लागते, त्यामुळे फॉरमॅट स्ट्रिंगनंतरचे एक रजिस्टर रिकामे सोडले जाते, पहिले %डी त्या रिकाम्या रजिस्टरातील कचरा छापते आणि %एसकडे १ हा पत्ता जातो. ६४ बिटांवर केवळ चुकीचा आकडा छापणारी ओळ ३२ बिटांवर प्रोग्रॅम पाडते, एवढे सांगितले की ‘लॉगच तर आहे’ हा युक्तिवाद निकालात निघावा.

छपाईची दुरुस्ती करताना %एलडी वापरण्याची सूचना साहजिकच आली. इंट६४_टी हा ६४ बिटी लिनक्सवर सहसा लाँग असतो, मॅकवर लाँग लाँग असतो, आणि ३२ बिटी यंत्रांवरही लाँग लाँगच असतो. म्हणून %एलडी आणि %एलएलडी यांपैकी कोणतेही एक चिन्ह सर्वत्र बरोबर ठरत नाही. यासाठी इंटटाइप्स.एच या हेडरमध्ये पीआरआयडी६४ हा मॅक्रो आहे, जो त्या त्या यंत्रावर योग्य अक्षरे पुरवतो. शेजारी शेजारी लिहिलेल्या स्ट्रिंगा सी भाषेत आपोआप जोडल्या जात असल्याने तो फॉरमॅट स्ट्रिंगच्या मध्ये बसवता येतो. ओळ थोडी विद्रूप दिसते हे मान्यच करायला हवे. २०२३ च्या सुधारित मानकात %डब्ल्यू६४डी असे सरळ चिन्ह आले आहे, पण सर्व लायब्रऱ्यांत ते गृहीत धरण्याची वेळ अजून आलेली नाही. फाइलचा आकार देणाऱ्या ऑफ_टी या प्रकारासाठी तर असा मॅक्रोही नाही. तेथे मूल्य इंटमॅक्स_टीमध्ये कास्ट करून %जेडी वापरणे हा मार्ग पत्करला गेला. साइझ_टीसाठी %झेडयू आहेच.

लॉग फंक्शनच्या घोषणेला जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांना कळणारे फॉरमॅट हे ॲट्रिब्यूट जोडले गेले, ज्यात पहिले आर्ग्युमेंट फॉरमॅट स्ट्रिंग आहे आणि तपासणी दुसऱ्यापासून करावी, असे सांगितलेले असते. इशारे दाबणारा पर्याय काढून टाकला गेला. त्यानंतरच्या पहिल्याच बिल्डमध्ये याच जातीच्या इतर ओळी कंपायलरने स्वतःहून दाखवल्या, त्यांत काही अशा होत्या ज्यांचे मूल्य कधी ३२ बिटांबाहेर गेलेच नव्हते आणि म्हणून त्या निमूटपणे बरोबर छापत होत्या.

छपाईच्या चाचणीसाठी ५३६८७०९१२० हा आकडा मात्र वापरला गेला नाही, कारण त्याचा खालचा अर्धा भाग १ जीबीसारखा ओळखीचा दिसतो आणि पाहणाऱ्याला पुन्हा फसवू शकतो. त्याऐवजी ४२९४९६७२९८ हे मूल्य निवडले गेले, ज्याचा वरचा अर्धा भाग १ आणि खालचा २ आहे. ते पूर्ण छापले गेले तर छपाई बरोबर आहे; नुसता २ छापला गेला तर खालचे ३२ बिट वाचले गेले आहेत; बिग-एंडियन (आकड्याचा वरचा भाग आधी साठवणाऱ्या) ३२ बिटी यंत्रावर नुसता १ येऊ शकतो. लहान उपकरणांसाठी छाटलेल्या न्यूलिब-नॅनोसारख्या लायब्ररीत लाँग लाँगची छपाई सहसा वगळलेली असते, आणि तेथे पीआरआयडी६४ वापरूनही आकड्याच्या जागी एल आणि डी ही दोन अक्षरेच उमटतात.